एस्टीमला एएफआर गेज बसवतोय: ईसीयूला कोणती वायर द्यायची?

सुकाणू (पुणे)
नमस्कार मंडळी. बाबांनी २००३ मध्ये घेतलेली मारुती एस्टीम मी अजून रोज चालवतो. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय, १ लाख ६२ हजार किलोमीटर. इंजिन आजवर उघडलेलं नाही. आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) च मिळतं आणि तेव्हापासून गाडीचा सूर बिघडल्यासारखा वाटतोय. सकाळी पहिला किलोमीटर अडखळते. खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला की साडेचार हजार आरपीएमच्या पुढे दम सुटतो. दोन मिस्तरी झाले. एकाने प्लग बदलले, दुसरा म्हणाला, जुनी झाली, काढून टाका. काढायची नाही. बाबांच्या हातची आहे.

मिश्रण नक्की पातळ होतंय का, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय का, हे डोळ्यांनी बघायचं म्हणून एएफआर (हवा-इंधन प्रमाण) दाखवणारा इनोव्हेटचा एमटीएक्स-एल गेज घेतला, सोबत बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर. गेजमधून पाच वायरी निघतात: लाल, काळी, पांढरी, पिवळी, तपकिरी. लाल म्हणजे सप्लाय, काळी अर्थ, पांढरी हेडलाइटबरोबर उजेड कमी करायला. पिवळी आणि तपकिरी ईसीयूकडे (इंजिनच्या कॉम्प्युटरकडे) जाऊ शकतात म्हणे.

गाडीचा जुना ऑक्सिजन सेन्सर चार वायरींचा आहे. तो काढून त्याच भोकात नवा बसवावा आणि ईसीयूला गेजमधून सिग्नल द्यावा, की मॅनिफोल्डच्या खाली दुसरा बुश (सेन्सर बसवायची आटेवाली बैठक) वेल्ड करून दोन्ही ठेवावेत? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी सांगा.

झेनवाली (ठाणे)
माझी २००२ ची झेन आहे, हाच त्रास आहे. धाग्यावर लक्ष ठेवून बसले आहे.

रांगडा_पाना (कोल्हापूर)
भावा, दुसरा बुश वेल्ड कर आणि मोकळा हो. कंपनीच्या सेन्सरला हात लावू नकोस. आमच्याकडं उद्यमनगरात लेथवाल्याला एम१८ गुणिले १.५ आटे सांगितले की तासाभरात बुश हातात. साध्या लोखंडाचा चालतो, फक्त आटे साफ पाहिजेत.

जागा नीट निवड. पाइपच्या खालच्या अंगाला अजिबात नको. सकाळी सायलेन्सरमधून पाणी टपकतं ते बघितलंस का? ते पाणी तापलेल्या सेन्सरवर पडलं की आतली सिरॅमिक तडकते. घड्याळाच्या दहा ते दोन या काट्यांमधे कुठंही, आडव्यापासून निदान दहा अंश वर. हेडपासून दोन फुटांच्या आसपास आणि कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) अलीकडं. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची निगेटिव्ह काढ आणि ईसीयूचा कपलरही काढ. वेल्डिंगवाला "काही होत नाही" म्हणेल. त्याचं काही होत नाही, तुझं होतं.

आणखी एक. सेन्सर बसवलास आणि गेजला सप्लाय नाही अशी गाडी चालवू नकोस. थंड सेन्सरवर काजळी बसते आणि तो चार दिवसांत मरतो. गेज आत बसवायला वेळ लागणार असेल तर बुशाला बोल्ट मारून ठेव.

हापूस_हायवे (रत्नागिरी)
पानादादांशी सहमत नाही. तपकिरी वायर दिलीय ती कशासाठी? ती जुन्या सेन्सरची नक्कल करते. जुना काढा, नवा लावा, तपकिरी ईसीयूला द्या. एकच भोक, वेल्डिंग नाही. माझ्या बोलेरोच्या शेजारी उभ्या असलेल्या मेहुण्यांच्या जुन्या होंडा सिटीला असंच आहे, दोन वर्षं चालतेय.

अनघा_इन्स्ट्रू (पुणे)
मी इन्स्ट्रुमेंटेशनची आहे. गाड्यांवर काम करत नाही, पण सेन्सर माझा रोजचा विषय आहे. वायर जोडण्याआधी दोन सेन्सरमधला फरक समजून घ्या, नाहीतर सगळं उलटं होईल.

गाडीतला जुना सेन्सर नॅरोबँड. तो किती हे सांगत नाही, फक्त इकडे की तिकडे एवढं सांगतो. मिश्रण जाड असेल तर साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट, पातळ असेल तर ०.१ च्या जवळ. मधला उंबरठा ०.४५. ईसीयू पेट्रोल थोडं वाढवतो, सेन्सर "जाड" म्हणतो. थोडं कमी करतो, सेन्सर "पातळ" म्हणतो. या हेलकाव्यांची सरासरी लॅम्डा १ वर पडते, म्हणजे हवा आणि इंधन नेमकं जुळतं तिथे; पेट्रोलला तो एएफआर १४.७. याला क्लोज्ड लूप म्हणतात.

तुमचा नवा सेन्सर वाइडबँड. त्याच्या आत एक छोटा पंप आहे, ऑक्सिजनचे आयन आत-बाहेर ढकलणारा. किती करंट लावला की आतली पोकळी बरोब्बर लॅम्डा १ वर येते, त्यावरून गेज आकडा काढतो. त्यासाठी सेन्सर साधारण ७८० अंश सेल्सिअसला धरून ठेवावा लागतो. म्हणून त्याचा हीटर थेट बॅटरीवर जोडायचा नाही, गेजच त्याला सांभाळून तापवतो. आणि सेन्सरचा कपलर कापून वायर वाढवू नका. कारखान्यात प्रत्येक सेन्सर मोजून त्याच्यापुरता रेझिस्टर त्या कपलरमध्येच बसवलेला असतो.

आता वायरी. पिवळी ० व्होल्टला ७.३५ एएफआर आणि ५ व्होल्टला २२.३९, मधे सरळ रेषा. तपकिरी १४ ला १.१ व्होल्ट आणि १५ ला ०.१ व्होल्ट, म्हणजे नॅरोबँडची नक्कल. हापूस म्हणतात ते चुकीचं नाही, तपकिरीवर गाडी चालते. पण दोन सेन्सर ठेवता येत असतील तर मी दोन ठेवीन. गेजचा फ्यूज उडाला तर तपकिरीवर शून्य व्होल्ट येतात, ईसीयू त्याला पातळ समजतो आणि पेट्रोल ओतत बसतो. मोजायचं यंत्र वेगळं आणि गाडी चालवायचं यंत्र वेगळं असावं.

सुकाणू
अनघाताई, फारच छान समजावलंत. वेल्डिंगवाला पुढच्या आठवड्यातच येईल म्हणतोय. तोवर जुना काढून नवा त्याच भोकात लावून बघतो, सिग्नल गेजवरून. रविवारी करतो आणि कळवतो.

पद्मिनीप्रेमी (दादर)
आमच्याकडे ईसीयूच नाही हो! १०८९ सीसी, कार्ब्युरेटर. पण वाइडबँड आमच्याही कामाचा आहे. मी बुश न लावता सेन्सर शेपटीच्या पाइपला क्लॅम्पने धरतो, फेरी मारतो, काढून ठेवतो. आयडलला (गाडी नुसती उभी चालू असताना) त्यावर विश्वास ठेवत नाही, कारण पाइपच्या तोंडातून बाहेरची हवा आत शिरते आणि आकडा पातळ दिसतो. जोर लावल्यावर मात्र बरोबर येतो. ई२० आल्यावर मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा करावा लागला, तेव्हा कुठे गाडी पूर्वीसारखी ओढायला लागली. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण घरची पद्मिनी मी जाऊ देणार नाही.

सुकाणू
रविवार संध्याकाळ. चुकलंय काहीतरी, मदत करा.

सेन्सर बसला. गेज सुरू होताना अर्धा मिनिट गरम झाला, मग आकडा आला. गाडी चालू केली, सुरुवातीला १४.२ च्या आसपास, छान. पाणी तापायला लागलं तसा आकडा वर चढू लागला: १५, १५.८, १६.५, १७.३. आयडल वरखाली, गाडी झटके मारायला लागली, मागून फट् फट् आवाज. पाच मिनिटांत चेक लाइट. बंद केली. बॅटरीची वायर काढून ठेवली आहे.

सिग्नलला मी पिवळी जोडली. गेजसोबतच्या पत्रकात ती अॅनालॉग १ म्हणून पहिली लिहिली होती, म्हणून तीच मुख्य असं धरून चाललो.

झेनवाली
अरे देवा. इंजिनला काही झालं नाही ना?

अनघा_इन्स्ट्रू
इंजिनला काही झालं नसणार. आयडललाच होतात, भार नव्हता. पण नेमकं काय घडलं ते बघा, कारण या चुकीतून सगळा विषय उलगडतो.

१४.७ ला पिवळीवर किती व्होल्ट? १४.७ वजा ७.३५ म्हणजे ७.३५, त्याला एका व्होल्टमागच्या ३.००८ ने भागा. २.४४ व्होल्ट. ईसीयूचा उंबरठा ०.४५. त्याला वाटलं, बापरे किती जाड! पेट्रोल कमी केलं. मिश्रण पातळ झालं, तसा पिवळीवरचा व्होल्टेज आणखी वाढला, कारण तिथे पातळ म्हणजे जास्त व्होल्ट. नॅरोबँडमध्ये पातळ म्हणजे कमी व्होल्ट. दिशाच उलटी आहे! ईसीयूने आणखी कमी केलं. १७ ला पिवळीवर ३.२ व्होल्ट येतात. पेट्रोल कमी करायची त्याची मर्यादा संपेपर्यंत हे चाललं आणि मग त्याने दिवा लावला.

पिवळीवर ०.४५ यायला मिश्रण ८.७ असावं लागेल. तेवढ्या जाड मिश्रणावर इंजिन नीट चालतच नाही. म्हणजे पिवळीने हा ईसीयू कधीच समाधानी होणार नव्हता.

हापूस_हायवे
दादा, मी तपकिरी म्हटलं होतं :)

सुकाणू
हो, तुम्ही तपकिरीच म्हटलं होतं. माझी घाई झाली. आता तपकिरी लावली. आयडलला १४.४ ते १४.९ मधे हळू हेलकावे घेतेय, चेक लाइट गेला. जीव भांड्यात पडला.

पण एक शंका. गेज मी सिगारेट लायटरच्या वायरीवरून चालवतोय आणि काळी डॅशबोर्डच्या मागच्या एका स्क्रूला लावली आहे. हेडलाइट आणि ब्लोअर लावला की आकडा जरा सरकतो. हे खरं मिश्रण बदलतंय की काही वायरिंगचं?

निवृत्त_तारतंत्री (नाशिक)
बाळा, हे अर्थिंगचं आहे. चाळीस वर्षं कारखान्यात पॅनेल वायरिंग केलं, निम्मे दोष अर्थमध्ये सापडले.

हे करून बघ. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेव. एक टोक गेजच्या काळ्या वायरच्या शेवटाला, दुसरं ईसीयूच्या अर्थ वायरला. गाडी चालू, हेडलाइट चालू, ब्लोअर पूर्ण. किती दाखवतो ते इथे लिही. सेन्सरचा हीटर सुरुवातीला दोन-तीन अँपिअर ओढतो आणि तो सगळा करंट तुझ्या त्या स्क्रूतून जातो. स्क्रूखाली रंग असेल, गंज असेल, तर तिथे व्होल्ट पडतात आणि ते थेट सिग्नलमध्ये मिसळतात. अनघाच्या हिशेबाने पिवळीवर ०.१ व्होल्टची चूक म्हणजे ०.३ एएफआर.

लायटरचा सप्लायही सोड. चावी फिरवून स्टार्टर मारतोस तेव्हा लायटरची लाइन मधेच बंद पडते, हीटर थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. इग्निशन चालू असताना आणि स्टार्टर मारतानाही जिवंत राहील अशी लाइन शोध. मधे पाच अँपिअरचा फ्यूज घाल. फ्यूज सप्लायच्या टोकाजवळ, गेजजवळ नाही.

सुकाणू
काका, मोजलं. काहीही चालू नसताना ३० मिलिव्होल्ट. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर १४०!

निवृत्त_तारतंत्री
बघ. आता काळी वायर तिथून काढ. ईसीयूची अर्थ जिथे इंजिनच्या ब्लॉकवर थिंबलने (वायरच्या टोकाच्या कडीने) कसली आहे, त्याच बोल्टखाली तुझी थिंबल दे. दोन्हीचं शून्य एकाच ठिकाणी आलं पाहिजे. बोल्ट काढलास की खालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घास, मग थोडं ग्रीस लावून कस.

अनघा_इन्स्ट्रू
काकांच्या बोलण्यात एक भर. खरा नॅरोबँड ०.४५ च्या आसपास कड्यासारखा सरळ कोसळतो. त्याच्यावर ०.१४ व्होल्टची चूक आली तरी मिश्रणावर जवळजवळ परिणाम नाही. तपकिरी वायरची नक्कल मात्र उतारासारखी आहे, एका एएफआरला एक व्होल्ट. तिथे ०.१४ व्होल्ट म्हणजे सरळ ०.१४ एएफआर. म्हणून मी म्हणत होते, ईसीयूला त्याचा स्वतःचा सेन्सर राहू द्या.

फ्रीमॉन्टकर (कॅलिफोर्निया)
इकडे उशिरा पोहोचलो. माझ्याकडे १९९३ ची होंडा सिव्हिक आहे, पी२८ ईसीयू. ती माझ्या पहिल्या नोकरीच्या पैशांची गाडी, म्हणून तिच्यावर जीव.

तिच्यात ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल डी१४ या पिनवर येतो. मी आधी हापूसदादांसारखं केलं, जुना काढला, नक्कल डी१४ ला दिली. दुसऱ्या दिवशी चेक लाइट: चार लांब, एक छोटा, कोड ४१. म्हणजे हीटरचं सर्किट. सेन्सर काढला तसा हीटरही गेला ना! ईसीयू सिग्नलवर खूश होता, पण त्याला हीटर सापडत नव्हता. सिग्नल नसता तर कोड १ आला असता.

कोणीतरी म्हणालं, हीटरच्या जागी दहा ओहमचा रेझिस्टर घाल. घातला. वास आला तेव्हा बघितलं, फायबरचा कार्पेट पिवळा पडलेला. १४ व्होल्टला १० ओहममधून जवळजवळ वीस वॅट उष्णता निघते आणि मी दहा वॅटचा लावला होता. तो काढला, दुसरा बुश वेल्ड केला, जुना सेन्सर परत जागेवर. तेव्हापासून शांतता.

पाच व्होल्टची वायर डी१४ ला देणारे लोक इथे आहेत, पण त्यांच्या ईसीयूत वेगळी चिप आणि वेगळं सॉफ्टवेअर असतं, ज्याला पाच व्होल्टची रेषा कळते. आतला प्रोग्राम मूळचा असेल तर तिथे फक्त नॅरोबँड. आणि इथे दर दोन वर्षांनी स्मॉग चेक असतो, १९९९ पर्यंतच्या गाड्यांचा धूर प्रत्यक्ष मोजतात, बॉनेट उघडून बघतातही. मूळ सेन्सर जागेवर असल्याचं समाधान तेव्हा कळतं.

झेनवाली
पीयूसीला त्रास होईल का असं केल्याने?

रांगडा_पाना
मूळ सेन्सर चालू असेल तर काही नाही. तुझ्या-माझ्या गाडीच्या पीयूसीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) ७५० पीपीएमची मर्यादा असते. कॅट जिवंत असेल तर आरामात बसते. नापास होतात त्या मिसिंग (एखाद्या सिलिंडरमधे इंधन न पेटणं) असलेल्या गाड्या.

चौकोनी_चाक (नागपूर)
मला एक समजत नाही. माझ्या मित्राच्या गाडीतही असा गेज आहे. ई२० टाकलं तरी त्याचा आकडा १४.७ च. मग ई२० ने मिश्रण बदलतं हे सगळं खोटंच ना? बदललं असतं तर १३.५ का १५ काहीतरी दिसलं असतं.

अनघा_इन्स्ट्रू
चौकोनी, प्रश्न चांगला आहे आणि बहुतेक जण इथेच फसतात.

सेन्सरला पेट्रोल आहे की इथेनॉल हे कळत नाही. त्याला धुरात ऑक्सिजन उरलाय की इंधन उरलंय एवढंच कळतं, म्हणजे लॅम्डा. गेज त्या लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. एक किलो निव्वळ पेट्रोलला लॅम्डा १ साठी १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ च्या आसपास, कारण ऑक्सिजन त्याच्या रेणूतच आहे. ई१० ला साधारण १४.१, ई२० ला १३.५. तुमच्या मित्राच्या गाडीत खरी हवा-इंधन प्रमाणता १३.५ होते, गेज मात्र १४.७ दाखवतो. दोघंही बरोबर. मी तर म्हणेन गेज लॅम्डावरच ठेवा, डोक्याला ताप नाही.

आणि १४.७ दिसतो कारण क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू सेन्सर बघून जास्त पेट्रोल घालतो. पाय पूर्ण दाबल्यावर जुना ईसीयू सेन्सर बघणं सोडतो आणि ठरलेल्या तक्त्यातून पेट्रोल घालतो. त्या तक्त्याला ई२० माहीत नाही. ई१० वर जिथे गेज १२.६ दाखवत असेल तिथे ई२० वर १३.१ च्या आसपास दिसेल. निव्वळ पेट्रोलशी तुलना केली तर फरक जास्त. म्हणून सुकाणू, तुमचं उत्तर आयडलला सापडणार नाही. खंबाटकीतच सापडेल.

पद्मिनीप्रेमी
माझ्या मेन जेटचं कारण आज नीट कळलं. धन्यवाद ताई.

हापूस_हायवे
ई२० चा ऑक्टेन जास्त असतो ना? मग पातळ झालं तरी ठोका (इंजिनचं नॉकिंग) कमीच व्हायला हवा.

अनघा_इन्स्ट्रू
ऑक्टेन जास्त आहे, बरोबर. ठोका हा एक भाग झाला. दम सुटणं हा वेगळा. १३.१ ने दम सुटत नाही, त्यासाठी आणखी काहीतरी असलं पाहिजे.

लोखंडे_पितळे (सांगली)
विषयांतर करतो. ईसीयूच्या वायरीला जोड देताना सोल्डर करावा की क्रिंप (नळी दाबून बसवणं)? आमच्या गॅरेजात यावरून रोज भांडण.

रांगडा_पाना
क्रिंप. सोल्डर वायरीच्या धाग्यांत चढतो, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि जिथं कडक संपतो तिथं कंपनानं तुटतो. आणि ती निळी टोपी दाबून वायर टोचायची पद्धत असते ना, ती तर अजिबात नको. सहा महिन्यांत आत हिरवं होतं.

निवृत्त_तारतंत्री
मी सोल्डरवाला. जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून ठेवली, हलू दिली नाही, तर सोल्डर तीस वर्षं टिकतो. पाहिलेत. हीट श्रिंक मात्र हवी. पीळ मारून टेप गुंडाळणाऱ्याला माझ्या पॅनेलजवळ उभं करत नसे. इंजिनाच्या गरमीत टेपचा गोंद पाघळतो.

लोखंडे_पितळे
म्हणजे भांडण चालूच राहणार.

सुकाणू
दोन आठवड्यांनी येतोय. बरंच झालंय, सविस्तर लिहितो.

वेल्डिंग झालं. पानादादांच्या सांगण्याप्रमाणे एम१८ चा बुश, घड्याळात अकराच्या जागी. जुना सेन्सर त्याच्या मूळ भोकात, त्याचा कपलर ईसीयूकडे जसा होता तसा. तपकिरी वायरच्या टोकाला स्लीव्ह घालून हार्नेसला बांधून ठेवली. पिवळी पण. ईसीयूला आता माझी एकही वायर जात नाही. काळी इंजिन ब्लॉकवर ईसीयूच्या थिंबलखाली. काका, आता सगळे दिवे लावून ८ मिलिव्होल्ट!

मग शनिवारी पहाटे खंबाटकी. भाचा शेजारी, त्याच्या हातात फोन, गेज आणि आरपीएमचा काटा एकाच चौकटीत येतील असा धरून. तिसरा गिअर, अडीच हजारांपासून पाय पूर्ण खाली. घरी येऊन व्हिडिओ थांबवून थांबवून वहीत उतरवलं:

३००० ला १२.९
३५०० ला १३.०
४००० ला १३.२
४५०० ला १३.९
४८०० ला १४.६, आणि इथेच दम सुटला.

तीन वेळा केलं, तिन्ही वेळा असंच. खाली ताईंनी सांगितल्यासारखे १३ च्या आसपास, वर मात्र मिश्रण पातळ होत जातंय. याचा अर्थ काय लावायचा?

रांगडा_पाना
भावा, ई२० मुळं असतं तर सगळीकडं सारखंच पातळ झालं असतं. जसजसं पेट्रोल जास्त लागतंय तसतसं कमी पडतंय. फिल्टर नाहीतर पंप. इंधनाच्या लाइनवर प्रेशर गेज लाव. मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम कमी झाला की प्रेशर वाढायला पाहिजे. घसरत असेल तर सापडला.

सुकाणू
लावलं. टी जोडून गेजची नळी बॉनेटमधून काढून काचेवर टेपने बांधली, भाच्याने वाचलं. आयडलला अडीच किलोच्या आसपास. पाय दाबल्यावर क्षणभर वाढलं आणि मग दोनच्या खाली.

टाकी उतरवली. पंपाच्या तोंडावरची जाळी तपकिरी गाळाने भरलेली, बोट फिरवलं की साय निघावी तशी निघत होती. वीस वर्षांचा टाकीतला थर सुटून तिथे येऊन बसला होता. बाहेरचा फिल्टरही उलटा करून फुंकला तर हवा जेमतेम जात होती. जाळी, फिल्टर आणि टाकीपासून इंजिनापर्यंतचे जुने रबरी पाइप बदलले, इथेनॉलला चालणारे घातले.

झेनवाली
टाकीत गाळ! मी उद्याच फिल्टर बघते. माझा पाच वर्षांत बदललेला नाही.

पद्मिनीप्रेमी
इथेनॉल जुना थर सोडवतं हे खरं आहे. माझ्या कार्ब्युरेटरच्या वाटीत पहिले दोन महिने असाच गाळ यायचा. आता टाकी भरून एक हजार किलोमीटर झाले की फिल्टर पुन्हा बघा, उरलेलं येत राहतं.

सुकाणू
आज पहाटे पुन्हा घाट. तोच गिअर, तोच भाचा. ३००० ला १२.९, ४५०० ला १३.०, ५५०० ला १३.१. वर सोडायची इच्छाच झाली नाही. माथ्यावर थांबून चहा घेतला तेव्हा भाचा म्हणाला, मामा, आजोबा अशीच चालवायचे का? म्हटलं, याहून जोरात.

सकाळचा पहिला किलोमीटर अजून किंचित अडखळतो. थंड असताना ईसीयू सेन्सर बघत नाही, तेव्हा ते ई२० चंच असणार, नाही का ताई?

अनघा_इन्स्ट्रू
बहुतेक. सेन्सर गरम होईपर्यंतचं पेट्रोलही तक्त्यातूनच येतं. पण आधी पाण्याच्या तापमानाचा सेन्सर मोजा. तो इंजिन आहे त्यापेक्षा गरम सांगत असेल तर ईसीयू थंडीचं जादा पेट्रोल देणार नाही. रात्रभर उभ्या गाडीवर त्याचे ओहम मोजा, मग चालू करून पाणी तापल्यावर पुन्हा. दोन्ही आकडे इथे टाका.

सुकाणू
उद्या सकाळी, गाडी काढायच्या आधी.

लोखंडे_पितळे
आणि त्या थिंबलचा फोटो टाका. सोल्डर केलीत की क्रिंप, ते बघायचंय.